फिल्टर अजून ठरला नाही

पिल्लं झाली हे आत्याला आधी कळलंच नाही. तिला वाटलं, टाकीत कचरा पडलाय. चहाची गाळणी घेऊन ती कचरा काढायला गेली, तर कचऱ्याने तिच्याकडे बघितलं. कचऱ्याला डोळे होते! शेपट्याही होत्या! आणि गाळणी पाण्यात शिरताच तो सगळा कचरा सैरावैरा पळत सुटला. आत्या एवढी दचकली की गाळणी गेली टाकीच्या तळाला आणि आत्या बसली ती थेट इस्त्रीच्या कपड्यांवर.

मग तिने जे करायचं ते केलं. भाचीला फोन लावला.

"भिंगरी, अगं तुझ्या माशाला काहीतरी झालंय."

"काय झालं?" भिंगरीचा आवाज एवढासा झाला.

"मुलं झालीत."

पलीकडून जी किंकाळी आली, तिने समोरच्या फ्लॅटमधल्या वहिनी दार उघडून बाहेर आल्या. फोन स्पीकरवर नव्हता, हे इथे मुद्दाम सांगायला हवं.

भिंगरी म्हणजे आत्याच्या दादाची मुलगी. दादाची बदली होईपर्यंत सगळे एकाच घरात राहायचे. मग दादाची बदली झाली. सामान बांधलं, ट्रक आला, कपाटं गेली, सायकल गेली, दादा-वहिनी गेले, भिंगरी गेली, आणि ट्रकमध्ये हिंदकळून पाणी सांडेल म्हणून ही काचेची टाकी आणि तिच्यातले दोन गप्पी मासे मागे राहिले. आत्याही मागे राहिली, पण ती हिंदकळण्याच्या भीतीने नव्हे. तिची नोकरी इथे होती.

सुरुवातीला भिंगरीचा रोज फोन यायचा. मग एक दिवसाआड. मग "रविवारी नक्की" असं झालं, आणि पुढे पुढे रविवारसुद्धा विसराळू झाला. आत्याने तक्रार केली नाही. तिने फक्त एकदा समोरच्या वहिनींना सांगितलं, "जरा माझ्या नंबरवर फोन करून बघता का? वाजत नाहीये बहुतेक." वहिनींनी केला. वाजला. खणखणीत वाजला. बिघाड फोनमध्ये नव्हता.

आणि आता बघा! पिल्लं झाली त्या संध्याकाळी फोन आपण होऊन वाजला. दुसऱ्या दिवशीही वाजला. तिसऱ्या दिवशी भिंगरीने बजावलं, "आत्या, फिल्टर लागेल. रोज मगाने किती पाणी बदलशील? आणि नीट बघून घे हं, पिल्लं फार लहान आहेत. किती आहेत गं?"

"काल बावीस होती. आज सकाळी एकोणतीस. आत्ता अठरा."

"असं कसं होईल?"

"ती एका जागी थांबतात का? तुझ्यावर गेलीत."

तर फिल्टर घ्यायचा, एवढं ठरलं. एवढंच! एका मध्यमवर्गीय बाईने एका बोटभर माशाच्या मुलांसाठी एक फिल्टर घ्यायचा. यात रामायण व्हायचं काही कारण नव्हतं. पण रामायणाला कारण लागतं कुठे, माणसं लागतात.

पहिलं माणूस म्हणजे माशांच्या दुकानाचा मालक. पोट काउंटरवर टेकवून तो उभा होता.

"टाकी केवढी?" त्याने विचारलं.

आत्याने दोन्ही हात पसरून दाखवले. मग दुकानात बाकीची माणसंही आहेत हे बघून जरा आणखी पसरले.

"एवढी मोठी? मग हा घ्या." त्याने प्रेशर कुकरएवढं एक धूड काउंटरवर ठेवलं. "हॉटेलांमधून लावतात."

आत्याने हात हळूच जवळ आणले. मालकाने छोटा फिल्टर काढला. आत्याने हात आणखी जवळ आणले. असं होत होत शेवटी मालक म्हणाला, "म्हणजे चपलांच्या खोक्याएवढी आहे म्हणा ना."

"चपलांच्या नाही," आत्या मान ताठ करून म्हणाली. "बुटांच्या."

मग मालकाने तीन प्रकार मांडले. एक टाकीच्या काठावर दप्तरासारखा लटकणारा: पाणी नळीने वर ओढायचा, खोक्यातून फिरवायचा आणि धबधब्यासारखं परत सोडायचा. दुसरा पाण्यात बुडवायचा, निळा दिवा असलेला. आणि तिसरा म्हणजे नळीच्या टोकाला बसवलेला नुसता एक स्पंज, त्यातून बुडबुडे निघतात. हा तिसरा त्याने सगळ्यात खालच्या खणातून, फुंकर मारून धूळ उडवत काढला.

"हा कुणी नेत नाही. दिसायला काही नाही ना त्यात," तो म्हणाला आणि त्याने तो परत खणात टाकला.

आत्याने लटकणारा घेतला. संध्याकाळी फोन आला.

"आत्या, ठरला का?"

"ठरला काय, आणलासुद्धा!"

"अय्या, मस्त! चला, सुटला प्रश्न. ठेवते हं आत्या, उद्या चाचणी आहे."

आणि फोन बंद. आत्या अजून सांगणारच होती की मालक कसा होता, हात किती पसरले, बुटांचं खोकं कसं निघालं. ते सगळं तसंच तिच्या तोंडात राहिलं. पिल्लांना सांगून बघितलं. पण पिल्लं एका जागी थांबत नाहीत, हे मी आधीच सांगितलंय.

दुसऱ्या दिवशी फोन आला नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. आत्याने स्वयंपाकघरातून फोन हॉलमध्ये आणून ठेवला, हॉलमधून खिडकीत. खिडकीत रेंज जास्त असते म्हणतात.

आता आत्याच्या नोकरीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिथूनच आलं. आत्या एका मोठ्या ऑफिसात आवक-जावक विभागात होती. कुठला कागद आला, कुठला गेला, कुठला कुठे अडकला, हे तिला तोंडपाठ. आणि इतक्या वर्षांत तिने एक गोष्ट पक्की पाहिली होती. ज्या फाईलचा निकाल लागला, ती कपाटात जाते. तिच्याकडे पुन्हा कुत्रं फिरकत नाही. जी फाईल प्रलंबित असते तिची मात्र चंगळ! तिला माणसं घेऊन फिरतात, तिच्यासाठी फोन येतात, साहेब तिची आठवण काढतात, तिच्याभोवती चहा होतो.

आत्या उठली, फिल्टर पिशवीत घातला आणि दुकानात जाऊन परत केला.

"का हो?" मालक म्हणाला.

"वायर आखूड आहे."

"अहो, अडीच हात वायर आहे!"

"माझ्या भिंतीला आखूड आहे."

त्या संध्याकाळी तिने स्वतःच फोन लावला आणि फक्त एवढंच म्हणाली, "भिंगरी, फिल्टर परत केला गं." बस्स! पलीकडे भिंगरी अशी जागी झाली की विचारू नका. का केला, कोणता होता, आता कोणता घेणार! त्यातून गाडी शाळेवर गेली, तिथून नव्या घराच्या गळक्या नळावर. मधेच भिंगरी म्हणाली, "इथे ना आत्या, सगळ्यांचे ग्रुप आधीच झालेत. डब्याच्या सुट्टीत मी वाचनालयात जाते. तिथे छान शांत असतं." "चांगलंय," आत्या म्हणाली, पण तिला ते काही चांगलं वाटलं नाही. फोन ठेवता ठेवता भिंगरीने विचारलं, "मग उद्या ठरेल?"

"बघू," आत्या म्हणाली. आवक-जावकमध्ये मुरलेली बाईच असं "बघू" म्हणू शकते.

झालं! फिल्टरची फाईल सुरू झाली. निळ्या दिव्याचा आणला, तो आवाज करतो म्हणून परत. दुसऱ्या कंपनीचा आणला, तो आवाजच करत नाही, चालू आहे की बंद काय कळायचं, म्हणून परत. एक तर नुसता खोक्यावरच्या माशाचा चेहरा दुःखी आहे म्हणून परत केला. एकदा आत्याला खरंच काही खोट सुचेना, तर भिंगरीच म्हणाली, "त्याचा दिवा रात्री चालूच राहतो ना? नको बाई, पिल्लांची झोपमोड." आत्याला कौतुक वाटलं. पोरीला केवढी माया! मालक आता आत्याला लांबून येताना बघून शटर अर्धं खाली ओढू लागला होता.

इकडे बिल्डिंगमध्ये बातमी पसरली. समोरच्या वहिनी रोज संध्याकाळी टाकीसमोर बसून उसासे टाकू लागल्या.

"माझ्या जावेच्या भावाकडे होते मासे. गेले बिचारे."

"कशाने?"

"फिल्टरने."

"अगंबाई! म्हणजे नक्की काय झालं?"

"ते काही सांगितलं नाही कुणी. पण गेले," वहिनी म्हणाल्या आणि चहाचा घोट घेतला.

खालच्या मजल्यावरून प्रेशरकाका आले. त्यांची हयात बॉयलरच्या कारखान्यात गेली होती. जगातल्या यच्चयावत अडचणी प्रेशर कमी पडल्यामुळे होतात, असं त्यांचं मत होतं. सुनेची भाकरी फुगत नाही तीसुद्धा. आत्याहून चांगले पंधरा-वीस वर्षांनी मोठे, पण अख्खी बिल्डिंग म्हणते म्हणून तेही तिला आत्याच म्हणायचे.

"आत्या, फ्लो काय पाहिजे तुम्हाला? फ्लो सांगा!"

"काका, मासे एवढेसे आहेत हो."

"मासे लहान म्हणून पाणी लहान होतं का? प्रेशर पाहिजे, प्रेशर!"

आणि मग सेक्रेटरी आले. सोसायटीचे सेक्रेटरी कधी नुसते येत नाहीत, ते नियम घेऊन येतात.

"आत्या, तुम्ही म्हणे मोटर बसवताय."

"मोटर नाही हो, फिल्टर."

"त्यात मोटर असते की नाही?"

"असते एवढीशी."

"ती पाणी खेचते?"

"खेचते."

"कुठून?"

"टाकीतून."

सेक्रेटरींनी विजयी मुद्रेने सगळ्यांकडे पाहिलं. "फ्लॅटमध्ये खासगी मोटर लावून टाकीतलं पाणी खेचायला सक्त मनाई आहे. मागच्या सभेत ठराव झालाय."

"अहो, ती गच्चीवरची टाकी! ही माझी टाकी!"

"ठरावात कुणाची टाकी ते लिहिलेलं नाही. ना हरकत दाखला घ्यावा लागेल. कमिटी बसेल."

दुसरी कुणी असती तर भांडली असती. आत्याचा चेहरा मात्र उजळला. कमिटी बसणार! म्हणजे काही आठवडे तरी निश्चिंती! तिने सेक्रेटरींना आग्रहाने दुसरा कप चहा दिला आणि संध्याकाळी भिंगरीला सगळा प्रसंग आवाज काढून ऐकवला. पोरगी हसून हसून लोळली. आत्या इकडे एकटीच खुर्चीवर बसून सेक्रेटरी झाली होती, बोट नाचवत होती, आणि फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ ते बोट तसंच वर राहिलं होतं.

सगळं उत्तम चाललं होतं. आत्या मगाने पाणी बदलत होती, पिल्लं वाढत होती, फोन येत होता. घात केला तो कमिटीने. कमिटी लगेच बसली आणि तिने परवानगी दिली! असं कुठे असतं का? दाखला देताना सेक्रेटरी हसून म्हणालेही, "घ्या, आता तरी ठरवा. बिल्डिंगमध्ये पैजा लागल्यात, आत्यांचा फिल्टर आधी येतो की पिल्लांना नातवंडं होतात."

हे आत्याला लागलं. फार लागलं. तिच्या हातून इतक्या वर्षांत एक टपाल चुकलं नव्हतं, आणि आता ती सगळ्या बिल्डिंगचा विनोद झाली होती. नेमके त्याच वेळी प्रेशरकाका एक खोकं काखेत मारून आले. "माझ्याकडून भेट. आता चर्चा बास!" आत्या मानीपणाने म्हणाली, "लावा."

काकांनी लावला. टाकीच्या काठावर लटकणारा, पण हे पहिल्यासारखं दप्तर नव्हतं, ही ट्रंक होती. बटण दाबलं. टाकीत वादळ उठलं. आई मासा उलटा पोहायला लागला. "बघा प्रेशर!" काका म्हणाले आणि छाती काढून गेले. आत्याने वेग कमी करायचं बटण शोधलं. ते सापडण्याआधीच ऑफिसची वेळ झाली.

संध्याकाळी आत्या आली. टाकी लख्ख होती. पाणी काचेसारखं. आई होती, बाबा होते. पिल्लं नव्हती.

एकही नव्हतं. तिने वनस्पतीमागे पाहिलं, दगडामागे पाहिलं, गाळणी कधीची बुडून तळाला होती तिच्यातही पाहिलं. मग तिने मोटर बंद केली. घर एवढं गप्प झालं की तिला आपलाच श्वास ऐकू आला. ज्या लुकलुकत्या कचऱ्याने तिला इतके दिवस माणसांत ठेवलं होतं, तो वाहून गेला होता. आणि का? तर तिने पहिल्याच दिवशी साधा, नीट, लहानसा फिल्टर विचारपूर्वक घेतला नाही म्हणून. फोन यावा म्हणून.

आणि फोन आला. व्हिडिओ कॉल.

"आत्या, पिल्लं दाखव ना!"

आत्याने कॅमेरा आईवर धरला. "ही बघ आई."

"आईला काय बघायचंय? पिल्लं!"

"झोपलीत."

"सगळी?"

"आज दमली होती."

"बरं," भिंगरी म्हणाली. "उद्या दाखव." दुसऱ्या दिवशी फोन वाजला तेव्हा आत्या समोरच बसली होती. खिडकीत ठेवलेला फोन वाजत होता, थरथरत होता, सरकत सरकत खिडकीच्या कडेपर्यंत आला. इतके दिवस जिची वाट पाहिली तीच ही रिंग. आत्याने उचलला नाही. फोन पडू नये म्हणून त्याला फक्त आत सरकवला.

मग ती उठली. काकांचा फिल्टर काकांना परत करायचा होता. वस्तू परत करण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिने ट्रंक काठावरून काढली, आतलं पाणी ओतायला बादली घेतली, झाकण उघडलं.

कचऱ्याने तिच्याकडे बघितलं.

आत्या ओरडली ती अशी, की समोरच्या वहिनी पोळपाट-लाटण्यासकट आल्या, खालून काका आले, आणि मोटर फुटली असं समजून सेक्रेटरीही आले. सगळ्यांनी डोकी घातली. फिल्टरच्या खोक्यात, आडोशाच्या पाण्यात, पिल्लं मजेत फिरत होती! नळीने ओढली गेली ती सरळ वर खोक्यात पोचली होती. आईने गिळायची भीती नाही, टाकीतलं उरलंसुरलं खाणं सगळं ओढलं जाऊन आयतं पुढ्यात येत होतं. ती चक्क गुबगुबीत झाली होती.

"बघितलंत?" काका म्हणाले. "प्रेशर!"

वहिनी म्हणाल्या, "माझ्या जावेच्या भावाने बहुतेक खोकं उघडूनच बघितलं नसेल हो." आणि पदराने डोळे पुसले. सेक्रेटरींनी पिल्लं मोजायचा प्रयत्न केला, दोनदा चुकले आणि पहिल्यांदाच एकही नियम न सांगता खाली गेले.

सगळे गेल्यावर आत्याने गाळणीने एकेक पिल्लू टाकीत सोडलं. मग चप्पल घातली आणि तडक दुकान गाठलं. मालकाने शटरला हात घातला.

"थांबा," आत्या म्हणाली. "तो खालच्या खणातला द्या. स्पंजचा. आणि हा मी परत करणार नाही."

मालकाला ते खरं वाटेना. त्याने पिशवीही चांगली दिली.

स्पंज लावला. बुडबुडे निघू लागले, हलके, एकामागून एक. पिल्लं स्पंजला तोंड लावून चरू लागली, एकही ओढलं गेलं नाही. इतकं सोपं होतं ते! आत्या समोर बसून बघत राहिली. मग तिने फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं: वादळ, रिकामी टाकी, झोपेची थाप, खोकं. भिंगरी आधी किंचाळली, मग रडली, मग हसली.

"आणि आता स्पंजचा लावलाय," आत्या म्हणाली. "चांगला आहे. आवाज बेताचा, वायर पुरते, पिल्लांना धोका नाही. ठरला गं, भिंगरी. एकदाचा ठरला."

एवढं बोलून ती थांबली. आता "मस्त, ठेवते हं" येणार होतं. तिने मन घट्ट केलं. हरकत नाही. पिल्लं जगली, बाकी काय.

पलीकडे, मागे कुठेतरी, दादाच्या घरातला नळ ठिबकत होता.

"आत्या," भिंगरी म्हणाली, "स्पंज कुठल्या रंगाचा आहे?"

"काळा."

"काळा?" भिंगरी घाईघाईने म्हणाली, "काळा कसा चालेल? काळ्यावर पिल्लं... म्हणजे त्यांना अंधार वाटेल ना. नाही, नाही, काळा नको. आपण याचा नीट विचार करायला पाहिजे."

आवक-जावक विभागात इतकी वर्षं काढलेली आत्या. असला शेरा ती शंभर फायलींत ओळखेल. तिने खुर्ची टाकीजवळ ओढली, पाय वर घेतले आणि फोन दुसऱ्या कानाला लावला.

"खरंय बाई," ती म्हणाली. "माझ्या लक्षातच नाही आलं. सांग, मग कुठला रंग बघूया?"